साखरेचं खातं

बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कुठल्याही शब्दात आधी पैसा दिसतो. त्यामुळे आमच्या कन्येने गेल्या जानेवारीत एका सकाळी 'बाबा, मला फॉन्डंट हवाय' असं जाहीर केलं, तेव्हा मी चष्मा कपाळावर सारला आणि कुठल्या कंपनीचा, मुदत किती, जोखीम किती, असे तीन प्रश्न एका दमात विचारले.

'बाबा, तो खायचा असतो!'

'फंड खाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत,' मी म्हणालो, 'पण सहावीपासून कुणी सुरुवात केल्याचं ऐकलं नव्हतं.'

या विनोदावर घरात कुणी हसलं नाही. आमच्या घराचा तो रिवाज आहे. कन्येने माझ्या नाकासमोर मोबाईल धरला. त्यात कुठल्याशा गोऱ्या बाईने साधी चपटी बिस्किटं ओळीने मांडली होती. एका पांढऱ्या गोळ्याला तिने टाचणीच्या टोकाएवढा निळा रंग लावला, गोळा कणकीसारखा मळला, पिठीसाखर भुरभुरून पोळीसारखा लाटला, बिस्किटं कापली त्याच साच्याने कापला, बिस्किटाला पाण्याचं बोट लावलं आणि ती निळी चकती वर बसवून अशी काही गुळगुळीत केली की ते बिस्किट न वाटता लग्नघराची नुकतीच डिस्टेंपर दिलेली भिंत वाटावी. सगळं मिळून दीड मिनिट. त्या दीड मिनिटात बाईंचं लाटणं चिकटलं नाही, दाराशी कुणी आलं नाही आणि कुकरची शिट्टीही झाली नाही. अशी घरं फक्त मोबाईलमध्येच असतात.

संक्रांत आठवड्यावर आली होती आणि आम्हाला जऊळक्याला जायचं होतं. पतंगाच्या आकाराची बिस्किटं करून ती सगळ्या गावाला वाटण्याचा बेत कन्येने परस्पर ठरवून टाकला होता. मी अकोल्याला कामासाठी गेलो तेव्हा एका दुकानात तो पुडा मिळाला. भाव पाहून मी तो दोनदा परत फळीवर ठेवला. आत सगळी साखरच, पण साखर मळून दिल्याची मजुरी सोनाराच्या घडणावळीपेक्षा जास्त! शेवटी सौ.ने सांगितलेल्या रंगांच्या चार शिश्या आणि तो पुडा घेऊन, पावती खिशात नीट ठेवून घरी आलो. पावती अजून आहे.

जऊळका हे आमचं गाव. सरकारी कागदांत त्याला 'जऊळका रेल्वे' म्हणतात, जणू रेल्वे हे गावाचं आडनाव. अकोला-पूर्णा लाईनवरचं स्टेशन. माझ्या लहानपणी लाईन छोटी होती, २००८ साली ती मोठी झाली. गाव मात्र होतं तेवढंच राहिलं. माझा जन्म अकोला जिल्ह्यातला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि आम्ही सगळे खाटेवरून न उठता दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. बँकेत याला बदली म्हणतात आणि भत्ता मिळतो. आम्हाला तो अजून मिळालेला नाही.

या वेळची संक्रांत साधी नव्हती. दादाच्या मुलाचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं लग्न डिसेंबरात झालेलं. नव्या सुनेचा पहिला सण. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, सगळं साग्रसंगीत व्हायचं होतं. दागिने वहिनींनी पुण्याहून मागवले होते, मोबाईलवरूनच. ते संक्रांतीच्या दोन दिवस आधी येऊन पोचले आणि खोका उघडल्यावर घरात शांतता पसरली. हार होता, पण तीन तुकड्यांत. कंबरपट्टा सुटा होऊन खोक्याच्या तळाशी वाळूसारखा पडला होता. नथ ही नथ आहे हे सोबतच्या यादीवरून कळलं. तक्रारीच्या नंबरावर फोन केला, तर पलीकडच्या गोड मुलीने दिलगिरी व्यक्त केली आणि माल परत पाठवल्यास सात ते दहा दिवसांत बदलून मिळेल असं सांगितलं. मी बँकेत हीच वाक्यं रोज बोलतो. ती ऐकणाऱ्याला कशी लागतात हे त्या दिवशी प्रथम समजलं.

त्या गडबडीत कन्या स्वयंपाकघरात पोळपाट मांडून बसली होती. आई तिच्याशेजारी आली, पांढऱ्या गोळ्यावर तिने अंगठा दाबून पाहिला.

'हे काय व्हय? मैदा?'

'साखर आहे आजी.'

'साखरेची कणीक!' आई म्हणाली. 'बाप्पा! कोणाच्या डोक्यातून निघालं हे?'

'फ्रान्समधल्या लोकांच्या,' कन्येने सांगून टाकलं.

इथे मला खुलासा केला पाहिजे. हे 'फ्रान्स' तिने पुडा आणला त्या दिवशीही म्हटलं होतं आणि त्याने मला मिरची लागली होती. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेत संपला आणि दोघांनाही हायसं वाटलं. पण खातेवही मला कळते. कुठल्याही जमेसमोर कुठे तरी नावे असावं लागतं. तेव्हा साखरेचं खातं एकदा पहिल्या पानापासून तपासायचं असं मी ठरवलं आणि आठवडाभर बँकेच्या जेवणाच्या सुटीत वाचन केलं. आमची जेवणाची सुटी किती वेळ चालते हे काउंटरपलीकडच्यांना विचारा.

पहिलं पान फार उत्साहवर्धक निघालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खांड आणि शर्करा असे उसापासूनचे पाच माल ओळीने मांडलेले आहेत, अगदी आमच्या स्टॉक स्टेटमेंटसारखे. अलेक्झांडरचा दर्यासारंग निआर्कस याने मधमाश्यांशिवाय मध देणारा बोरू हिंदुस्थानात असल्याचं लिहून ठेवलं. तांग घराण्याचा चिनी सम्राट ताइझोंग याने साखर करण्याची कृती शिकायला इ. स. ६४७ मध्ये मगधाकडे माणसं पाठवली. आपली शर्करा इराणात शकर झाली, अरबांकडे सुक्कर झाली आणि लंडनला पोचेपर्यंत शुगर झाली. आपली खांड कंद होऊन गेली आणि कँडी होऊन परत आली. गंमत म्हणजे उत्तरेकडच्यांनी पांढऱ्या साखरेला 'चिनी' म्हटलं आणि खडीसाखरेला मिसर देशावरून 'मिश्री'. म्हणजे माल आपला, पण परत येताना बाहेरचा शिक्का मारून आला. (आमच्याकडे मिश्री दाताला लावतात. ती वेगळी, आणि तिच्याबद्दल काही न बोललेलं बरं.)

माझी छाती फुगली. मी कन्येला बोलावून सगळी जमेची बाजू वाचून दाखवली.

'मग फॉन्डंट आपण का नाही केलं?' तिने विचारलं.

ऑडिटर असेच असतात. दोनशे पानं बघत नाहीत, बरोबर नको त्या पानावर बोट ठेवतात.

पुढची पानं मला आवडली नाहीत, पण वाचली. साखर महाग होती तोवर ती जगभरच्या राजांनी खाण्यापेक्षा दाखवण्यासाठीच वापरली. १५७४ साली फ्रान्सचा तिसरा हेन्री व्हेनिसला आला. तिथे त्याच्यासाठी मांडलेल्या पंगतीत ताटं साखरेची, सुऱ्या साखरेच्या, पाव साखरेचा. राजेसाहेबांनी हात पुसायला रुमाल उचलला तर तो हातात मोडला, कारण तोही साखरेचाच. (राजेसाहेबांनी पुढे हात कशाला पुसले ते कुठे सापडलं नाही.) १५८२ साली इस्तंबूलला सुलतान तिसरा मुराद याने मुलाच्या सुंतेचा सोहळा पन्नासएक दिवस चालवला आणि त्यात साखरेचे हत्ती, सिंह, उंट मिरवत नेले. या वस्तू कशा करत? बारीक पिठीसाखर, गुलाबपाणी आणि भिजवलेला डिंक एकत्र मळून. म्हणजे आमच्या कन्येच्या पोळपाटावरचा गोळाच, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा.

'फॉन्डंट' हे नाव मात्र खरोखर फ्रेंच, वितळणे या क्रियापदावरून पडलेलं. एकोणिसाव्या शतकातला अस्सल फॉन्डंट म्हणजे साखरेचा पाक साधारण ११५ अंशांपर्यंत उकळायचा, न ढवळता कोमट होऊ द्यायचा आणि मग दमून जाईपर्यंत घोटायचा. घोटल्यामुळे साखरेचे कण इतके बारीक होतात की जिभेला ते कण म्हणून कळतच नाहीत, लोणी वाटतं. लाटायचा फॉन्डंट विसाव्या शतकात ऑस्ट्रेलिया-इंग्लंडकडे केकवर चढला. त्यात पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि आकार धरायला जिलेटिन किंवा डिंक. जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात, म्हणून आमच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका सौ.ने दुकानाचा फोटो मागवून आधी तपासला होता.

ही कला राजवाड्यातून सहावीतल्या मुलीपर्यंत आली, ती साखर स्वस्त झाल्यामुळे, आणि त्या स्वस्ताईची नावेची बाजू मोठी आहे. वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम मेले. गुलामी उठल्यावर १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांत करारावर हिंदुस्थानी मजूर गेले, त्यांत आपली मराठी माणसंही होती. आज तिथे गणपती बसतो तो त्यांच्या वंशजांचा. त्या एका पानाशी माझ्या सगळ्या कोट्या संपल्या. बर्लिनच्या मार्गग्राफने १७४७ मध्ये बीटातून साखर काढून दाखवली, पुढे कारखाने निघाले. आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, त्याचं पहिलं गाळप १९५० चं. रंगांचंही तसंच. पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि त्या वाटेने पुढे खाण्याचे रंगही आले. आपल्या कायद्यात असे आठच कृत्रिम रंग खाण्याला चालतात. आमच्या चार शिश्या त्या आठांतल्या आहेत हेही सौ.ने तपासलं. आमच्या घरात खरी ऑडिटर कोण हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

एवढं वाचून झाल्यावर कन्येचा प्रश्न तसाच उरला. आपण का नाही केलं? आणि मग एका दुपारी, समोर वीसएक माणसांची रांग असताना, मला आमची होळी आठवली.

आमच्या वऱ्हाडात होळीला पोरांच्या गळ्यात गाठी घालतात. पांढऱ्या, गुलाबी. लाकडी साच्यात दोरा ठेवून वर घट्ट पाक ओततात, थंड झाला की साच्याच्या फळ्या उघडतात, आणि दोऱ्यात ओवलेली साखरेची पदकं तयार. पश्चिम महाराष्ट्रात त्या गुढीला बांधतात. खानदेशात तर गळ्यातला हार आणि हातातली कडी, दोन्ही साखरेची. संक्रांतीला सुनेच्या अंगावर हलवा, लहान पोराच्या बोरन्हाणाला हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी. जावयाला हलव्याचा नारळ, आणि अलीकडे हलव्याचा मोबाईल. मला एकदम उलगडा झाला. त्यांनी साखरेने टेबल सजवलं, केक सजवला, बिस्किट सजवलं. आपण माणूस सजवला! आपल्याकडे साखरेच्या वस्तू ताटात मांडण्यापेक्षा अंगावर घालायच्या असतात.

या शोधाच्या आनंदात मी एका गृहस्थांना पाचशेच्या दोन नोटा जास्त देणार होतो. त्यांनीच परत केल्या. गृहस्थ सोयाबीन विकून आले होते आणि मोजून घेत होते.

तर हलवा. ज्यांनी तो फक्त पुडीतून खाल्ला आहे त्यांच्यासाठी सांगतो. कडाक्याची थंडी हवी. मंद शेगडीवर परात. तिच्यात तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, जे काही आत ठेवायचं ते. बाजूला साखरेचा पातळ पाक. त्यातला एक चमचा परातीत टाकायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, तो सुकेपर्यंत. मग दुसरा चमचा. मग तिसरा. दोन दिवस, तीन दिवस. आच वाढली की परातीतली साखर वितळते, कमी झाली की गोळे होतात. आणि सगळं जमलं तर तिसऱ्या दिवशी दाण्यावर काटा फुलतो.

हा काटा साधा नव्हे. युरोपात बडीशेप-धण्यावर याच रीतीने साखर चढवत. पोर्तुगीजांचा तसला खाऊ लुईस फ्रॉइश नावाच्या पाद्र्याने १५६९ मध्ये जपानच्या ओदा नोबुनागाला बाटलीत घालून नजर केला. जपान्यांनी तो आपलासा करून कोंपेइतो म्हणून काटेरी केला आणि त्याला काटे का फुटतात यावर तेरादा तोराहिको या त्यांच्या भौतिकशास्त्रज्ञाने चिंतन केलं. आमच्या आईला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, 'हात थांबला नाई पायजे, बस.'

आई हलव्यासाठी प्रसिद्ध होती. प्रसिद्ध म्हणजे जऊळक्यात, पण प्रसिद्धी ही शेवटी कुठल्या तरी गावातच असते. दिवाळीला रेशनवर जादा साखर मिळायची, त्यातली थोडी ती संक्रांतीसाठी डब्याच्या तळाशी दडवून ठेवायची. आम्ही ती शोधायचो आणि सापडली तर तिला कळू नये म्हणून वरून रवा पसरायचो. पौष लागला की शेजारपाजारच्या घरांतून निरोप यायचे: आमच्या सुनेचं पहिलं साल आहे, आमच्या नातवाचं बोरन्हाण आहे. आई शेगडीशी बसायची. तिच्या बोटांची टोकं संक्रांतीपर्यंत लाल होऊन सोलवटलेली असायची. पैसे ती घेत नसे. संध्याकाळी नव्या सुनेला पाटावर बसवून दागिने स्वतःच्या हाताने चढवायचे, नथ शेवटी, आणि मग दोन पावलं मागे होऊन बघायचं, एवढीच तिची मजुरी.

बाबा २००९ साली गेले. त्यानंतरच्या संक्रांतीलाही निरोप आले. दागिने करून द्या. आईने केले. हळदीकुंकवाला मात्र ती स्वयंपाकघरात वाण मोजत बसली. दागिने दुसऱ्या कुणी चढवले. तिला कुणी 'येऊ नका' म्हणालं नाही. असल्या गोष्टी आपल्याकडे कुणी म्हणत नाही, त्या सगळ्यांना पाठ असतात. तिने केलेला हलवा चालत होता, तिचा हात चालत नव्हता. चारपाच वर्षं असं झालं आणि मग तिने 'आता बोटं साथ देत नाई' म्हणून परात माळ्यावर टाकली.

मी काय केलं? काही नाही. पदवीधर, बँकेत नोकरीला, दिवसाच्या हिशोबात पाच रुपयांचा फरक लागला तर रात्री नऊपर्यंत दिव्याखाली बसून तो शोधणारा माणूस मी. हा फरक मला दिसला नाही. किंवा दिसला आणि मी तो सस्पेन्स खात्यात टाकला, पुढे कधी तरी बघू म्हणून. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी पेपरात वाचलं, मान डोलावली. परिपत्रकाचं काय करायचं हे बँकेत शिकवलेलं असतंच. वाचल्याची सही करायची आणि फाईलला लावायचं.

तर तो तुटका खोका. वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. दोन दिवसांत नवा हलवा होत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई खोक्याशेजारी बसली. चाळणी मागवली, धड मणी वेगळे काढले, भुगा वेगळा. मग बराच वेळ कन्येच्या पोळपाटाकडे बघत राहिली.

'पोट्टे, तुह्या त्या कणकीचा एक गोळा दे बरं.'

तिने हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. पहिलीला नखाने चिमटे काढून पाहिले, जमलं नाही. मग शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री आणवली, गरम पाण्याने धुतली आणि गोळीवर तिच्या टोकाने टचटच चिमटे घेत काटे उभे केले. मग सुई-दोऱ्यात ओवून, एकीला दुसरी लागणार नाही अशा बेताने टांगून ठेवली. कन्येला सांगितलं, 'असं पाय. ओलं हाय तवरच भोक पाड, वाळल्यावर फुटते.' ती 'हो आजी' म्हणाली. मी सांगितलेल्या गोष्टीला ती असं कधी म्हणत नाही.

त्या रात्री आमच्या घरात एक कारखानाच सुरू झाला. एका बाजूला आई मणी करत होती, दुसऱ्या बाजूला कन्या आणि सौ. बिस्किटं सजवत होत्या. बिस्किटं वाशीमच्या भट्टीवर आपलं तूप, साखर, मैदा देऊन करून आणलेली. आधी नानकटाईवर प्रयोग झाला होता, पण नानकटाई फुगीर आणि भेगाळलेली, तिच्यावर निळी चकती चढवली की ग्रहण लागलेल्या चंद्रासारखी दिसे. म्हणून भट्टीवाल्याला चपटी करायला सांगितली. 'यात वर काय छापणार?' त्याने संशयाने विचारलं होतं. मला लाटायचं काम मिळालं. माझ्या लाटण्याला फॉन्डंट चिकटला, वर चिकटला, खाली चिकटला, आणि मी पाणी लावून तो सोडवायला गेलो तेव्हा त्याचं पुन्हा पाकात रूपांतर झालं. मग मला फक्त मोजण्याचं काम देण्यात आलं. चौतीस पतंग. ताळा बरोबर.

नथ आईने सगळ्यात शेवटी केली. फॉन्डंटचे सात मोती, मधला गुलाबी. गुलाबी शिशीत काडी बुडवून कन्येने रंग दिला. आईने उरलेला एक तुकडा जिभेवर ठेवला आणि विचार करत म्हणाली, 'याले आच नाई, धूर नाई, बोटं भाजत नाई. तरी गोड लागते बाप्पा.'

जऊळक्याच्या थंडीने रात्रीतून सगळं खडखडीत वाळवलं.

संक्रांतीच्या संध्याकाळी बायका जमल्या. सूनबाई काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसली. आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीच्या आतल्या अंगाला. वहिनींनी ताटातला हार उचलला.

'थांबा काकू,' आमची कन्या म्हणाली. 'ते आजीने केलंय. आजीच घालेल.'

ज्याला कुणाला शांतता मोजण्याचं यंत्र शोधायचं असेल त्याने त्या क्षणी आमच्या घरी यायला हवं होतं. वहिनी हार हातात धरून उभ्या. बायका जमिनीकडे बघताहेत. मी ओट्यावर, पुरुषांत, आणि माझ्या घशात तिळाचा लाडू. कन्येला गप्प करावं असं एकदा मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. पण लाडू आडवा आला.

सूनबाई पाटावरून उठली. लग्नाला महिना न झालेली मुलगी, घरात अजून मोठ्याने बोललेली नाही. ती सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि आईपुढे वाकली. नमस्काराला वाकली असं सगळ्यांनी धरलं. पण नमस्कार झाला तरी ती मान वर करेना. तशीच वाकून उभी राहिली. मग वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी हार आईच्या हातात दिला.

आईने हात पदराला पुसले. दोनदा पुसले. हार घातला, बाजूबंद बांधले, कंबरपट्टा अडकवला. नथीपाशी हात थोडे कापले. मग ती दोन पावलं मागे झाली आणि बघत राहिली.

'नथ जराशी वाकडी बसली,' शेजारच्या एक वृद्ध काकू म्हणाल्या.

'तिले सरळच लटकवली मी,' आई म्हणाली. 'तुमचा चष्मा वाकडा हाय.'

बायका हसल्या. हळदीकुंकवाच्या सभेत ठराव असाच मंजूर होतो. पुढचे सगळे आवाज, बांगड्यांचे, तिळगूळ घ्याचे, नेहमीसारखे झाले. चौतीस पतंग पाच मिनिटांत उडाले. एका आजोबांनी बिस्किटावरचा निळा पापुद्रा नखाने सोलून बाजूला ठेवला, बिस्किट खाल्लं, आणि 'वरचा कागद निघत नाही नीट' अशी तक्रार केली. रात्री पोरांनी सूनबाईच्या अंगावरचे दागिने लुटले तेव्हा पुण्याचे मणी कुठले आणि आजीचे कुठले हे दातांनाच कळलं. पुण्याचे कडक होते.

आम्ही वाशीमला परतलो. चारपाच दिवसांनी आईचा फोन आला. आईचा फोन साधारण एका मिनिटात संपतो, कारण पैसे पडतात असं तिला अजून वाटतं.

'तो तुहा फंड,' ती म्हणाली, 'त्याचा एक पुडा आणजो येताना.'

'कायले?'

'मागच्या गल्लीतली सून माहेरी अडकली होती संक्रांतीले. तिची सासू इचारून राह्यली. म्हटलं, रथसप्तमीपर्यंत चालते.' मग थोडं थांबून, 'तूच ये घालाले, म्हणे.'

मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, 'पांढराच आणजो. अन् गुलाबी शिशी संपली.'